मावसाजींच्या थैल्यातले इंग्रजी

"कॉन्व्हेंटात शिकली म्हनतेत, पन तोंड तं उघडतच नाही," माझ्या मागे सतरंजीवर बसलेली एक बाई शेजारणीच्या कानात म्हणाली. कानात म्हणजे तिच्या मते कानात. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेचा व्हरांडा चांगला लांब आहे, तरी ते वाक्य शेवटच्या खांबापर्यंत पोचले असावे. तिथे टेकून बसलेल्या एका आजोबांनी चष्मा सारखा करून माझ्याकडे पाहिले. शेजारीण म्हणाली, "मुकी असन बिचारी." त्यावर पहिली म्हणाली, "मुकी नाही वं. गुरुजीच्या साळीची पोरगी होय." गुरुजींच्या मेहुणीची मुलगी, या उत्तराने शेजारणीचे समाधान कसे झाले ते मला कळले नाही, पण झाले.

मी समोर पाहत राहिले. समोर माझे मावसाजी उभे होते आणि त्यांच्या हातात काहीही नव्हते. मावसाजींना ओळखणाऱ्यालाच यातले गांभीर्य कळेल, कारण हातात धरल्याशिवाय मावसाजींनी जिचे इंग्रजी नाव उच्चारले आहे अशी एकही वस्तू या जगात नसेल. त्यांच्या वर्गात चमचा आल्याशिवाय स्पून येत नाही आणि पाऊस आल्याशिवाय रेन येत नाही. एका वर्षी पावसाने ओढ दिली तेव्हा तो धडाही मागे पडला. मावसाजी आभाळाकडे बघत आणि सातवीचा वर्ग मावसाजींकडे. हत्तीचीही तीच गोष्ट. चित्रातला हत्ती दाखवून एलिफंट म्हणायला लावणे ही त्यांना मुलांची शुद्ध फसवणूक वाटे. म्हणून शाळेत ई या अक्षराचे सगळे काम कित्येक वर्षे अंडेच सांभाळत होते. मग एकदा एक साधू हत्ती घेऊन तिरोड्याच्या रस्त्याने चालला आहे अशी खबर आली. मावसाजींनी पाचवी ते सातवीचा सगळा वर्ग उचलला आणि शेताशेतातून आडवा पळवत नेऊन हत्तीला गाठले. प्रत्येक मुलाने सोंडेला हात लावून तो शब्द उच्चारला. साधूला वाटले, गाव फार भाविक आहे.

मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. बोदलकसा तलावाच्या बाजूला त्यांचे गाव आहे, आणि गावच्या सातवीपर्यंतच्या शाळेत वरच्या तीन वर्गांना ते इंग्रजी शिकवतात. उंच, जरासे पुढे वाकलेले. शर्टाचे दोन्ही खिसे असे फुगलेले की नवख्या माणसाला वाटावे, गुरुजी घरचे सामान घेऊन पळून चालले आहेत. खिशांत मावत नाही ते थैल्यात. हा थैला मावशीने खताचे पोते कापून शिवून दिला आहे. मी एकदा त्यात डोकावले होते. नळाची तोटी, कुलूप, चाळणी, दोरी, हातआरसा, सायकलची घंटी आणि एकच बूट. दुसरा बूट कुठे आहे, असे विचारायचे माझ्या मनात आले, पण मी मनात आलेले सहसा विचारत नाही. नंतर मावशीनेच सांगितले की तो एकच बूट आणण्यामागे विचार होता. एक बूट दिसला की मुले आपणहून दुसऱ्याची चौकशी करतात, आणि ती चौकशी इंग्रजीत करावी लागते. जोडी दाखवली तर विचारायला काय उरते?

कधीकधी थैल्यात जिवंत काहीतरीही असे. एकदा तिरोड्याहून येताना एसटीत त्यांच्या थैल्यातून खेकडा निघाला. आडवे चालणे हा धडा होता, म्हणून त्यांनी तो बाजारातून मुद्दाम चांगला तडफदार निवडून घेतला होता. बसमध्ये जो गोंधळ झाला त्याची कल्पना करता येईल. बाया सीटवर उभ्या राहिल्या, कंडक्टर दारात जाऊन लोंबकळला, आणि मावसाजी मधल्या वाटेत उकिडवे बसून शांतपणे विचारत होते, "व्हेअर इज इट? अंडर द सीट? बिहाइंड द बॅग?" त्यांच्या शाळेतली दोन मुले त्याच बसमध्ये होती. ती सीटवर उभी राहून "अंडर, सर, अंडर!" असे ओरडत होती. खेकडा सापडेपर्यंत निम्म्या बसला तो शब्द आला. मावसाजी आजही म्हणतात की एवढी मोठी माणसे एवढ्या मनापासून इंग्रजी शिकताना त्यांनी पुन्हा पाहिली नाहीत.

त्यांच्या वर्गाचा नियम एकच. हात मावसाजींचे, तोंड मुलांचे. मुले इंग्रजीत जे सांगतील तेच ते करणार, आणि जे सांगितले नाही ते अजिबात करणार नाहीत, मदत तर नाहीच नाही. चहाचा तास गावात प्रसिद्ध आहे. टेबलावर गॅसची छोटी शेगडी, भांडे, दूध, साखर, पत्ती असे सगळे मांडून मावसाजी पुतळ्यासारखे बसतात. पाचवीच्या वर्गाने पहिल्या वेळी त्यांना पाणी ओतायला लावले, साखर घालायला लावली, पत्ती घालायला लावली, आणि मग सगळा वर्ग हाताची घडी घालून चहा होण्याची वाट पाहत बसला. शेगडी पेटवायला कोणीच सांगितले नव्हते. मावसाजीही वाट पाहत बसले. तास संपला, घंटा झाली, मावसाजींनी तो थंड, काळसर पाण्याचा पेला उचलला आणि सगळ्यांच्या देखत चेहरा न हलवता पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी ते वर्गात पाऊल टाकताहेत तोच सगळी पाचवी एका सुरात ओरडली, "फर्स्ट लाइट द स्टोव्ह!" आता त्या वर्गातली मुले मोठी झाली, कोणी नागपूरला आहे, कोणी फौजेत आहे. पण फर्स्ट या शब्दाला ती उभ्या जन्मात विसरणार नाहीत.

घरीही हेच. जेवताना वरणाची वाटी मावसाजींच्या बाजूला असली तर ती इंग्रजीत मागावी लागे. मावशी दहावीपर्यंत शिकलेली. सुरुवातीला ती भांडली. "मी का तुमच्या वर्गात आहो?" असे म्हणून तिने दोन दिवस कोरडा भात खाल्ला म्हणतात. मग तिने स्वतःच्या पद्धतीने इंग्रजी शिकून घेतले. संसाराला लागेल तेवढेच तिने घेतले, आणि संसाराला मुख्यतः हुकूम लागतात. त्यामुळे मावशीच्या इंग्रजीत हुकमांशिवाय दुसरे काही नाही. "गिव्ह. कम. सिट. ईट. नाऊ गो." गावात आलेल्या एका बँकेच्या साहेबांशी ती याच इंग्रजीत बोलली, आणि साहेब बसले, जेवले, आणि गेले. मावसाजींना तिचा फार अभिमान आहे. तिच्या एकाही शब्दावर आजवर कोणाला दुसऱ्यांदा विचारावे लागले नाही, असे ते म्हणतात.

मी त्या घरी राहायला गेले ते पदवी झाल्यावर. पुढचे काही ठरत नव्हते आणि मी काही ठरवतही नव्हते, म्हणून आईने मला पावसाळाभर मावशीकडे पाठवून दिले. माझे सगळे शिक्षण गोंदियाला इंग्रजी शाळेत झाले. तिथे मधल्या सुट्टीतही मराठी-हिंदी बोलायचे नाही असा दंडक होता, आणि इंग्रजी बोलले तर चुकेल ही धास्ती होती. या दोहोंच्या मधली जी वाट होती ती मी धरली. गप्प राहायला मी फार लवकर शिकले आणि त्यात मला नेहमी चांगले शेरे मिळाले. इंग्रजीचे पेपर मी सुरेख लिहीत असे. त्याचा परिणाम एवढाच झाला की लग्नाकार्यात कोणीतरी काका किंवा मामी मला मांडवाच्या मध्यभागी उभी करून म्हणत, थोडं इंग्लिश बोलून दाखव ना बेटा. मग मी पाण्याचा जग उचलत असे आणि पंगत उठेपर्यंत वाढत राहत असे.

मावसाजींनी मला तसे कधीच म्हटले नाही. पहिल्या संध्याकाळी त्यांनी माझी बॅग कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि ते माझ्यासमोर पुतळ्यासारखे बसले. मला खेळ कळला. वाक्यही येत होते, अगदी कर्ता-कर्म-क्रियापदासकट. मी कपाटाकडे बोट दाखवले. त्यांनीही कपाटाकडे बोट दाखवले. मी किल्लीसारखी बोटे फिरवली. त्यांनीही फिरवली. असे आम्ही दोघे बराच वेळ बसलो असतो, पण मावशी स्वयंपाकघरातून आली, तळहात पुढे करून "गिव्ह" म्हणाली आणि किल्ली घेऊन गेली. मला वाटले, आता मावसाजी हसतील, किंवा आईला फोन करून सांगतील. ते थैला उचलून उठले आणि जाता जाता फक्त एवढे म्हणाले, "घाई नाही बेटा. कुलूप कुठी जात नाही." त्या पावसाळ्यात ते रोज काही ना काही माझ्यासमोर ठेवत, जरा वाट पाहत, आणि मी बोलले नाही की ते उचलून घेत. त्यांच्या चेहऱ्यावर कधी निराशा दिसली नाही. उलट मला त्यांचे ते वाट पाहणे आवडू लागले होते. आजवर माझ्या बोलण्याची वाट कोणी पाहिली नव्हती. जो तो मागणीच करायचा.

रोवणीचे दिवस आले तेव्हा मावसाजींचा वर्ग शाळेत दिसेनासा झाला. शाळेसमोर रस्त्याच्या पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, आहेत, तिथेच त्यांचा तास भरे. मुले गुडघाभर चिखलात, मावसाजी पॅण्ट वर दुमडून त्यांच्यामध्ये, आणि मी कडेच्या बांधावर, धुऱ्यावर, छत्री धरून. शेताच्या कोपऱ्यातून पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपे, उपटायची, धुवायची, पेंढी बांधायची, बांधीत फेकायची, मग पेंढी सोडून दोन-तीन रोपे चिमटीत धरून चिखलात खोचायची आणि मागे सरायचे. या प्रत्येक कामाला एकेक हुकूम होता. बेंड. पुल. वॉश. टाय. थ्रो. प्लांट. स्टेप बॅक. हुकूम द्यायचे काम सातवीतल्या शिवानीकडे असे. ही काटकुळी, दोन वेण्यांची मुलगी आवाजाने मात्र तहसीलदार होती. रोवणी करताना माणूस मागे मागेच सरतो, नाहीतर आपणच लावलेले रोप आपल्या पायाखाली येते. एक मुलगा विसरून पुढे सरला तर शिवानी असे काही "स्टेप बॅक!" ओरडली की शेजारच्या बांधीतली म्हैससुद्धा थबकली. त्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाया हसून हसून कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हणाली, "बाप्पा, आमी तं जनमभर हेच करून राहिलो, आमाले काऊन नाही कोनी इंग्रजीचा पगार देल्ला?" आठ दिवसांत ते दोन शब्द सगळ्या गावात झाले. दुकानासमोर गर्दी झाली की दुकानदार म्हणे स्टेप बॅक. ट्रॅक्टरला रस्त्यावरून मागे घ्यायला लावताना पोरे म्हणत स्टेप बॅक. गावातली सगळ्यांत म्हातारी आजी अंगणातल्या कोंबड्यांना तेच म्हणत असे, आणि कोंबड्या ऐकत.

आणि मग गावात व्हॅन आली. तिरोड्याच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन सकाळी चौकात उभी राहू लागली. तिच्यातून टाय घातलेली, केस चप्प बसवलेली पोरे जाताना दिसू लागली. गावातल्या आईबापांच्या मनात काय आले ते मला समजत होते. त्यांची मुले संध्याकाळी पायाला चिखल लावून येत होती आणि चौकातली ती मुले पायांत पांढरे मोजे घालून. पुढच्या आठवड्यात पाच-सात पालकांनी दाखला मागितला. एवढी मुले गेली तर वरचे तीन वर्ग बंद होणार होते. उरलेल्यांना दुसऱ्या गावच्या शाळेत जावे लागणार होते आणि मावसाजींची निवृत्तीच्या तोंडावर कुठेतरी लांब बदली होणार होती. शाळा समितीचे अध्यक्ष हे शिवानीचे वडील. मोठे शेतकरी, बोलायला रोखठोक, पण मनाने वाईट नव्हेत. ते घरी येऊन स्पष्ट सांगून गेले की सभा घेऊ, त्यात पोरांचे इंग्रजी लोकांना दाखवा. पटले तर शिवानी इथेच राहील आणि तिच्यामागे बाकीचेही राहतील. नाही पटले तर सोमवारी तीही व्हॅनमध्ये बसेल.

त्या रात्रीच्या जेवणात मावसाजींनी काही वाट पाहिली नाही, काही खेळ केला नाही. "जरा वरण दे," एवढेच म्हणाले. मावशी ताट तसेच ठेवून माझ्याकडे स्वयंपाकघरात आली. तिचा चेहरा उतरला होता. "बाई, यायले बरं नाही वाटून राहिलं," ती म्हणाली. "आज वरण मराठीत मांगलं."

सभेच्या दिवशी त्यांनी एक चूक केली. मावसाजींशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून ती झाली नसती आणि मावसाजींच्या हातूनही त्या एकाच दिवशी झाली. त्यांना वाटले, लोकांना कॉन्व्हेंट हवे आहे तर आपलाही वर्ग कॉन्व्हेंटसारखा दिसला पाहिजे. त्यांनी थैला घरी ठेवला. इस्त्रीचा शर्ट घातला, त्याचे खिसे रिकामे, सपाट. मुलांना धुतलेल्या गणवेशात, तेल लावून, रांगेत बाकांवर बसवले आणि सगळ्यांना हाताची घडी घालायला सांगितली. व्हरांड्यात सतरंज्यांवर पालक, मधे खुर्चीवर अध्यक्ष. बाहेर भुरभूर होती, आणि रस्त्यापलीकडे अध्यक्षांच्याच बांधीत रोवणीच्या पेंढ्या टाकून ठेवलेल्या दिसत होत्या.

अध्यक्षांनी आपल्याच मुलीला उभे केले आणि इंग्रजीत काहीही बोल म्हणाले. शिवानी उभी राहिली. तोंड उघडले आणि मिटले. तिने समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे पाहिले, जणू तिथे काहीतरी असायला हवे होते ते कोणी नेले. दुसरा मुलगा उभा केला, तोही तसाच. बेंड म्हटले की वाकणारी, लाइट म्हणून काडी ओढायला लावणारी ती सगळी पोरे घडी घातलेल्या हातांनी मूग गिळून बसली. मावसाजींच्या कपाळावर घाम आला. आणि मग, सगळ्या नोकरीत कधी केले नव्हते ते त्यांनी केले. ते मुलांना सांगू लागले. ओठ हलवून दाखवू लागले, अर्धे वाक्य स्वतः म्हणून उरलेले हाताने ओढून काढू लागले, मग तेही जमेना तेव्हा सगळेच स्वतः म्हणू लागले. ते जितके बोलत होते तितकी मुले आणखी खाली पाहत होती.

अध्यक्षांना ते बघवले नसावे. त्यांनी मान वळवून मला पाहिले. "गुरुजी, राग नका मानू," ते म्हणाले, "पन तुमच्या घरची पोरगी कॉन्व्हेंटात शिकली. मंग आमच्याच पोरायनं काऊन चिखल तुडवावा?" आणि मला म्हणाले, "तूच सांग बाई. खरं सांग. तुही शाळा चांगली, का हे?"

सगळा व्हरांडा माझ्याकडे वळला. तेव्हाच मागून ती बाई शेजारणीच्या कानात माझ्या न उघडणाऱ्या तोंडाबद्दल बोलली. मी तिच्यावर रागावले नाही. ती खरेच बोलत होती, आणि माझ्याकडे पाहून कोणीही अध्यक्षांच्या प्रश्नाचे उत्तर ओळखू शकले असते. मी शिवानीकडे पाहत होते. घडी घातलेल्या हातांच्या आतून तिच्या उजव्या हाताची बोटे हलत होती. चिमटी धरायची, खाली खोचायची, सोडायची. पुन्हा चिमटी. कदाचित तिला स्वतःलाही ते माहीत नसावे.

मी उठले आणि व्हरांड्यातून खाली उतरले. लोकांना वाटले असणार, पोरगी लाजून पळाली. मावशीलाही तसेच वाटले, ती नंतर म्हणाली. मी रस्ता ओलांडला, बांधीत वाकून एक पेंढी उचलली आणि परत आले. सलवारीवर चिखल ठिबकत होता, सतरंजीवर पाण्याची ओळ उमटत होती, बाया पाय आखडून घेत होत्या. मी ती पेंढी शिवानीच्या हातात दिली. मला अजून बोलता येत नव्हते.

शिवानीने पेंढीचे बंधन सोडले. ओल्या मुळ्यांवरून बोट फिरवले. मग मान वर करून वडिलांकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबा, स्टँड अप." अध्यक्ष उठले. नुसते उठले नाहीत, दचकून उठले. "कम विथ मी. फोल्ड युवर पँट." पुढचे मला नीट क्रमाने आठवत नाही. अध्यक्ष बांधीत उतरले होते, त्यांच्यामागे मुले, मुलांच्या मागे धुऱ्यावर छत्र्या आणि पदर डोक्यावर घेतलेले सगळे पालक. शिवानी म्हणत होती, "नॉट सो मेनी, बाबा. टेक ओन्ली थ्री. पुट देम स्ट्रेट." आयुष्यभर रोवणी करून घेतलेला तो माणूस मुकाट्याने पोरीचे ऐकत होता. धुऱ्यावरची एक बाई दुसरीला म्हणाली, "पाह्य ना, पोरगी बापाले इंग्रजीत झापून राहिली," आणि त्यात तक्रार नव्हती.

पण मावसाजींना धीर निघेना. ते इस्त्रीच्या शर्टानिशी बांधीत उतरले, मुलांच्या मधे घुसले आणि पुन्हा सांगू लागले. शिवानी एक शब्द बोलली की ते दोन बोलत. एखादा मुलगा क्षणभर अडला की ते वाक्य पुरे करून टाकत. मी पाहिले, मुले अध्यक्षांकडे बघायची सोडून पुन्हा गुरुजींच्या तोंडाकडे बघू लागली होती. शिवानीचा आवाज हलका झाला. तिची चिमटी थांबली. आता सगळे पुन्हा व्हरांड्यात होते तिथेच जाणार, हे मला इतके स्वच्छ दिसले की मी चपला कधी काढल्या आणि चिखलात कधी उतरले ते मला कळलेच नाही.

त्या दिवसानंतरही काही मुले व्हॅनने गेली. शिवानी गेली नाही, आणि तिच्यामुळे जी राहिली त्यांच्यावर तिन्ही वर्ग टिकले. येत्या उन्हाळ्यात मावसाजी निवृत्त होतील. त्यांच्या जागी कोण येईल, त्याला चहाचा तास माहीत असेल का, कोणास ठाऊक. थैला मात्र त्यांनी आतापासूनच हळूहळू रिकामा करायला घेतला आहे. तोटी एका मुलाला दिली, घंटी दुसऱ्याला. कुलूप आणि किल्ली त्यांनी मला दिली. मी सध्या गोंदियाला लहान मुलांच्या एका शाळेत शिकवते, आणि ते कुलूप टेबलावर ठेवून वाट पाहत बसते. वाट पाहणे किती अवघड आहे ते आता मला कळते.

मी त्या दिवशी बांधीत काय बोलले ते मावशी सगळ्या नातलगांना सांगत असते. तिच्या सांगण्यात ते दरवेळी थोडे लांबते. मागच्या लग्नात तर मी अध्यक्षांसमोर अर्धा तास इंग्रजीत भाषण दिले होते असे ऐकायला मिळाले, आणि मावसाजींनी सुपारी कातरत त्याला मान डोलावली. भाषण वगैरे काही नव्हते. मी फक्त मावसाजींच्या मागे जाऊन त्यांच्या ओल्या शर्टाची बाही धरली. ते वळले आणि थांबले. पावसाळाभर थांबायचे तसेच थांबले, हात खाली सोडून, घाई नसल्यासारखे. आणि मी बोलले तेव्हा ते माझ्याकडेच बघत, न वळता, रोवणीत सरतात तसे एकेक पाऊल मागे मागे धुऱ्यापर्यंत गेले. त्या वेळी ते मला एकदम म्हातारे दिसले, आणि फार खूश दिसले. मी एवढेच म्हणाले होते, "स्टेप बॅक, मावसाजी. दे नो इट."